विहिरीच्या तळाशी राबणारे

युरियाचं एक पोतं ४५ किलोचं. त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. हे सगळं नत्र पिकाला न लागता नायट्रेट होऊन जमिनीत झिरपलं, तर किती पाणी पिण्यातून बाद होईल? भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालतं. भागाकार करून पाहा, उत्तर वीस लाख लिटरांच्या वर जातं! वीस फूट रुंदीच्या विहिरीत सोळा फूट पाणी धरलं, तर अशा चौदा विहिरी. एका पोत्यात.

प्रत्यक्षात इतकं होत नाही. पीक आपला वाटा घेतं, काही नत्र हवेत उडतं, काही मातीत धरून राहतं. पण शिवारात पडणारी पोती काही एक-दोन नसतात. शिवाय गावातला उकिरडा, गोठ्यातलं मूत, शौचालयांचे खड्डे, सगळ्यांचा उतार शेवटी खालच्या पाण्याकडेच.

आता दुसरी बाजू. याच नायट्रेटचा निरुपद्रवी वायू करून टाकणारे जिवाणू मातीत, गाळात, खडकाच्या भेगांत आधीपासून आहेत. तो वायू म्हणजे नायट्रोजन, आपण श्वासात घेतो त्या हवेचा ७८ टक्के भाग. या जिवाणूंना हवं ते पुरवून दूषित भूजल जागच्या जागी साफ करायचं, यात काही शास्त्रज्ञांनी उभी हयात घातली आहे. परभणीसारख्या विहिरी आणि बोअरवर जगणाऱ्या जिल्ह्यात त्यांची माहिती घरोघरी असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

ना रंग, ना वास, ना चव

नायट्रेट असलेलं पाणी स्वच्छ दिसतं. चवीलाही काही कळत नाही. आणि ते उकळलं तर? वाफ उडते, नायट्रेट तळाशी राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. जंतूंसाठी पाणी उकळणं बरोबरच आहे, नायट्रेटवर मात्र तो इलाज नाही. तुरटीनं ते खाली बसत नाही, कापडानं गाळलं जात नाही, ब्लिचिंग पावडरनंही हटत नाही. आरओ यंत्र ते बरंचसं काढतं, पण बाजूला निघणाऱ्या खाऱ्या पाण्यात तेच नायट्रेट एकवटतं आणि आपण ते मोरीतून पुन्हा जमिनीतच सोडतो.

सगळ्यात जास्त धोका तान्ह्या बाळाला. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी निळी पडलेली बाळं आणि शेतावरच्या विहिरीचं नायट्रेटयुक्त पाणी यांचा संबंध पहिल्यांदा लेखी मांडला. बाळाचं वरचं दूध त्या पाण्यात कालवलेलं असे. पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. अंगावरच्या दुधावरच्या बाळाला ही भीती जवळजवळ नसते. बाटलीचं दूध आणि अंगणातली विहीर ही जोडी जिथे असेल, तिथे पाणी तपासून घेणं हे लसीकरणाइतकंच निकडीचं काम आहे.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटनं सर्वाधिक ग्रासलेले देशातले १५ जिल्हे दिले आहेत. त्यातले सात महाराष्ट्रातले: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. परभणी त्यात नाही. पण नांदेड, बीड आणि बुलढाणा हे तिन्ही परभणीच्या हद्दीला लागून. काळी माती तीच, सोयाबीन-कापूस तोच, खालचा खडकही तोच.

गावात मोजतं कोण?

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांच्या संचातली नायट्रेटची चाचणी पाहण्यासारखी असते. छोट्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, पुडीतली भुकटी टाकायची, हलवायचं आणि काही मिनिटं थांबायचं. पाणी हळूहळू गुलाबी होऊ लागतं. मग नळी रंगांच्या तक्त्याशेजारी धरून उजेडात ताडून पाहायची. फिकट गुलाबी असेल तर ठीक, गडद असेल तर नमुना प्रयोगशाळेकडे. नुसत्या डोळ्यांना न दिसणारं नायट्रेट त्या नळीत पहिल्यांदा दिसतं, आणि विहिरीचं पाणी ‘गोड’ आहे म्हणून बिनघोर असलेल्या घराला ते बघून खरोखर धक्का बसतो.

श्वास नायट्रेटचा, जेवण कशाचंही

नायट्रेट संपवणारे जिवाणू ते खात नाहीत, ते त्यावर श्वास घेतात. पाण्यात प्राणवायू असेपर्यंत त्यांना नायट्रेटची गरज नसते. प्राणवायू संपला की ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरू लागतात आणि उरलेलं नत्र वायू होऊन निघून जातं. म्हणजे त्यांना दोनच गोष्टी लागतात: हवेचा अभाव आणि खायला काहीतरी सेंद्रिय. खोल पाण्यात पहिली गोष्ट अनेकदा मिळते, दुसरी मिळत नाही. मुरमात, मांजऱ्यात आणि त्याखालच्या काळ्या पाषाणाच्या भेगांत अन्न कुठून येणार? कामकरी तिथे हजर आहेत, पण उपाशी.

किती अन्न द्यायचं? १९६९ साली अमेरिकन शास्त्रज्ञ पेरी मॅकार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं सूत्रच बांधून दिलं. कॅलिफोर्नियातल्या शेतांतून निचरून येणाऱ्या नायट्रेटयुक्त पाण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांच्या हिशेबानं नायट्रेटमधलं एक किलो नत्र हवेत सोडायला जिवाणूंना सुमारे अडीच किलो मिथेनॉल खायला घालावं लागतं. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असेल तर आणखी थोडं, कारण आधी तो संपवावा लागतो. सांडपाणी शुद्धीकरणाच्या पाठ्यपुस्तकांत हे सूत्र आजही शिकवतात.

मॅकार्टी यांची कारकीर्द म्हणजे या शाखेचा चालताबोलता इतिहासच. नायट्रेटनंतर ते कारखान्यांच्या विषाकडे वळले. यंत्रांचे भाग धुवायला वापरतात ते ट्रायक्लोरोएथिलीन पाण्यापेक्षा जड. एकदा भूजलात उतरलं की तळाशी बसून वर्षानुवर्षं झिरपत राहतं. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावर मॅकार्टी आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात धाडसी प्रयोग केला: जमिनीखाली टोल्युइन सोडलं. टोल्युइन हे पेट्रोलमधलं द्रव्य, स्वतःच प्रदूषक! पण काही जिवाणू ते आवडीनं खातात, आणि ते पचवण्यासाठी जे विकर बनवतात त्याच विकरानं ट्रायक्लोरोएथिलीनही तुटतं. दोन्ही विषांचं प्रमाण घटलं. सोबत प्राणवायू पुरवून आणि मात्रा काटेकोर राखूनच हे साधलं.

२००७ साली मॅकार्टी यांना पाण्याच्या क्षेत्रातलं स्टॉकहोम पारितोषिक मिळालं. त्याहून हेवा वाटावा असा सन्मान २०१३ साली मिळाला. क्लोरीनयुक्त द्रावकांवरच श्वास घेणाऱ्या, भूजल-सफाईतल्या सर्वात नावाजलेल्या जिवाणूला डीहॅलोकोकॉइडिस मॅकार्टी असं नाव देण्यात आलं. या जिवाणूचा पहिला शुद्ध वाण सापडला होता कुठे? न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावाच्या मैलापाणी केंद्रात. १९९७ साली.

१९७२

महाराष्ट्रात हे वर्ष दुष्काळाचं. परभणीत त्या वर्षी १८ मे रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. आज त्याला वसंतराव नाईक यांचं नाव आहे. त्याच वर्षी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅम्बलर गावाखाली पेट्रोलची नळवाहिनी गळली होती आणि पेट्रोल भूजलात उतरलं होतं. एका तेल कंपनीत काम करणाऱ्या डिक रेमंड यांनी तिथे विहिरींतून हवा आणि खत सोडलं. हो, खतच: नत्र आणि स्फुरद. पेट्रोल खाणारे जिवाणू तिथल्या जमिनीत होतेच, कमी पडत होता तो प्राणवायू आणि नत्र-स्फुरद. भूजल जागेवरच जिवाणूंकरवी साफ करण्याचा हा पहिला व्यावसायिक प्रयत्न मानला जातो. १९७४ साली या पद्धतीचं पेटंट निघालं.

म्हणजे एकीकडे जास्त झालेलं नत्र आपलं भूजल बिघडवतं, आणि दुसरीकडे तेच नत्र मोजून दिलं तर पेट्रोलनं बिघडलेलं पाणी सुधारतं. मात्रेचं महत्त्व याहून स्पष्ट कुठे दिसणार?

मळी, सोयाबीन तेल आणि दह्यातलं आम्ल

भूजल साफ करायला जिवाणूंना काय काय खाऊ घातलं गेलंय, त्याची यादी परभणीच्या बाजारपेठेतली वाटेल. साखर कारखान्याची मळी. सोयाबीन तेलाचं पाण्यात घुसळलेलं दुधी मिश्रण. तेल हळूहळू विरतं, त्यामुळे एकदा सोडलं की जिवाणूंना बरीच वर्षं पुरतं. कोलोरॅडोतल्या रायफल इथे युरेनियमनं दूषित भूजलात व्हिनेगरमधल्या आम्लाचा क्षार सोडला. तिथल्या जिओबॅक्टर जिवाणूंनी तो खाल्ला आणि विरघळलेल्या युरेनियमचं न विरघळणारं रूप केलं. युरेनियम नाहीसं झालं नाही, पण पाण्याबरोबर वाहायचं थांबलं.

मला सर्वात मोलाचं वाटतं ते आयडाहोतलं उदाहरण, कारण तिथला खडक आपल्यासारखा बेसाल्ट आहे. अमेरिकेच्या अणुसंशोधन केंद्राच्या आवारातल्या एका विहिरीत १९५३ ते १९७२ सांडपाणी आणि द्रावकं सोडली गेली. विषाचा पट्टा भूजलात सुमारे तीन किलोमीटर पसरला. १९९९ मध्ये तिथे सोडियम लॅक्टेट सोडायला सुरुवात झाली. लॅक्टेट म्हणजे दही आंबट करणाऱ्या आम्लाचा क्षार. पुढे चीज करताना उरणाऱ्या निवळीची भुकटीही वापरली. जिवाणूंनी काम केलं, तेही वाळूत नव्हे, भेगाळलेल्या काळ्या पाषाणात.

हे सांगायचं कारण असं की आपल्याकडे हमखास ऐकू येतं, ‘हे सगळं परदेशातल्या रेताड जमिनीत ठीक, आमच्या खडकात काय होणार?’ खडकाची अडचण खरीच आहे. वाळूत पाणी सगळीकडून सारखं पाझरतं. बेसाल्टमध्ये ते भेगेतून धावतं आणि भेग कुठे वळली हे वरून कळत नाही. शेजारी शेजारी दोन बोअर, एकाला भरपूर पाणी आणि दुसरा कोरडा, हे परभणीत कुणाला नवीन नाही. जिवाणूंचं अन्नही त्याच भेगांतून पोहोचवावं लागतं. म्हणून इथे भूगर्भतज्ज्ञ आणि सूक्ष्मजीवतज्ज्ञ यांनी एकत्र बसल्याशिवाय पान हलत नाही.

जिवाणू दख्खनच्या खडकात आहेत तरी का? आहेत. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल विंधन झालं. २०१७ पर्यंत तिथलं एक छिद्र तीन किलोमीटर खोल गेलं. वर आलेल्या खडकाच्या नमुन्यांत आयआयटी खरगपूरच्या पिनाकी सार यांच्या गटाला सूक्ष्मजीवांच्या खुणा सापडल्या. बेसाल्टमध्ये आणि त्याच्या खालच्या ग्रॅनाइटमध्येही!

बाटलीतली विहीर

या शास्त्रज्ञांचा दिवस जातो कसा? बराचसा बाटल्यांसोबत. विहिरीचं पाणी आणि तिथलाच थोडा गाळ किंवा खडकाचा चुरा काचेच्या लहान बाटलीत भरतात. वरच्या मोकळ्या जागेतली हवा नायट्रोजन सोडून हाकलून देतात, रबरी बूच बसवतात, त्यावर अ‍ॅल्युमिनियमची टोपी दाबून घट्ट करतात. पाण्यात रेझाझुरिन नावाच्या रंगाचा थेंब टाकलेला असतो. जोवर प्राणवायूचा अंश आहे तोवर पाणी गुलाबी, तो संपला की बिनरंगी. मग एका बाटलीत मळी, दुसरीत तेल, तिसरीत काहीच नाही, चौथीतले जिवाणू मुद्दाम मारलेले. दर काही दिवसांनी बुचातून सुई घालून थेंबभर पाणी काढायचं आणि मोजायचं. मारलेल्या बाटलीतही नायट्रेट कमी झालं, तर श्रेय जिवाणूंचं नाही, प्रयोग पहिल्यापासून. हे महिनोन्महिने चालतं. सुट्टीच्या दिवशीही कुणीतरी येऊन नोंद घेतंच.

पुणे, नागपूर, कोल्हापूर, लोणार

पुण्यातल्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात लाखाहून अधिक सूक्ष्मजीव जपून ठेवले आहेत. जगातल्या मोठ्या संग्रहांत त्याची गणना होते. तो उभा करणारे योगेश शौचे यांच्या नावानं जिवाणूंची एक अख्खी प्रजाती ओळखली जाते: शौचेला. जुलाबावर डॉक्टर छोट्या प्लास्टिकच्या कुप्यांतून जो जिवाणू देतात, तो पूर्वीचा बॅसिलस क्लॉसाय आता शौचेला क्लॉसाय आहे. मराठी शास्त्रज्ञाचं नाव असं घराघरांतल्या औषधांच्या डब्यात पोहोचलंय आणि बहुतेकांना ते माहीतही नाही.

नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था १९५८ची, आताचं नाव १९७४ पासूनचं. तिथे आशा जुवारकर यांनी गुमगावच्या मँगनीज खाणीतल्या उजाड ढिगाऱ्यांवर साखर कारखान्याची प्रेसमड, नत्र बांधणारे जिवाणू आणि मुळांशी राहणारी बुरशी यांच्या साथीनं झाडी उभी केली. ढिगारा हिरवा झाला की पावसाबरोबर त्यातून धातू वाहून जाणंही कमी होतं, म्हणून हे पाण्याचंही काम.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कापड रंगवल्यावर उरणारं पाणी जिवाणू आणि झाडांकडून साफ करून घेण्यावर दीर्घकाळ संशोधन केलं. विद्यापीठात अभ्यासलेल्या झाडांत कुंडीतला चिनी गुलाब आहे आणि दसऱ्याचा झेंडूही! जवळच इचलकरंजी असल्यामुळे प्रश्न दाराशीच होता.

आणि लोणार. जिंतूरहून फार लांब नाही. बेसाल्टमध्ये उल्केच्या आघातानं झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. पाण्याचा सामू दहाच्या आसपास, म्हणजे चांगलंच अल्कधर्मी. तिथेही जिवाणू सुखानं नांदतात. जून २०२०मध्ये ते पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं की हा मीठप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा परिणाम. अशा टोकाच्या पाण्यात टिकणारे जिवाणू कारखान्यांच्या क्षारयुक्त सांडपाण्यात उपयोगी पडू शकतात, म्हणून संशोधक तिथे पुन्हा पुन्हा जातात.

परभणीला जिवाणू नवे नाहीत

कृषी विद्यापीठाचं ‘बायोमिक्स’ मराठवाड्यातल्या हळद आणि अद्रक लावणाऱ्यांना सांगायला नको. कंदकुजीवर आणि मुळांच्या आरोग्यासाठी शेतकरी लांबून येऊन ते घेऊन जातात. त्यात ट्रायकोडर्मा बुरशी आहे, स्युडोमोनास जिवाणू आहेत. आता गंमत पाहा: स्युडोमोनास हे कूळ जगभरच्या भूजल-सफाईच्या प्रबंधांत पानोपानी भेटतं. नायट्रेटचा वायू करणारे, तेल खाणारे, द्रावकं तोडणारे त्याचे कितीतरी भाईबंद आहेत. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ज्या जिवाणूच्या पेटंटला मान्यता दिली, तो आनंद मोहन चक्रवर्ती यांचा तेलभक्षी जिवाणूही स्युडोमोनासच. बायोमिक्स पाण्यासाठी नाही, ते विहिरीत टाकायचं नाही. पण जिवाणू मोजून, वाढवून, विश्वासानं शेतकऱ्याच्या हाती देण्याची सवय या शहराला आहे, ही मोठी गोष्ट आहे.

विहिरींवरचं प्रेमही इथे आहे. सेलू तालुक्यातल्या वालूरची गोल वळसे घेत उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव गावकऱ्यांनी गाळ उपसून मोकळी केली, ती पाहायला लोक दुरून येतात.

एक कळकळीची सूचना. हे वाचून कुणी पिण्याच्या विहिरीत गूळ किंवा मळी टाकू नये. अन्न कमी पडलं तर काम अर्ध्यावर थांबतं आणि नायट्रेटचं नायट्राइट होऊन राहतं, जे जास्त घातक. अन्न जास्त झालं तर पाण्याला वास सुटतो, खडकातलं लोह आणि मँगनीज विरघळून वर येतं. हे काम मोजमापाशिवाय करायचंच नाही.

मग काय करता येईल? न्यूझीलंडमध्ये केंब्रिज गावाजवळच्या शेतावर १९९६ साली संशोधक लुई शिपर यांनी ३५ मीटर लांब आणि दीड मीटर खोल चर खणला आणि निघालेल्या मातीत लाकडाचा भुसा मिसळून तो पुन्हा भरला. उथळ भूजल त्या भुशातून जाऊ लागलं, जिवाणूंना अन्न मिळालं आणि नायट्रेट कमी होऊ लागलं. ना पंप, ना वीज. चौदा वर्षांनी तपासलं, तेव्हाही चर काम करत होता.

परभणीत लाकडाचा भुसा महाग पडेल. पण कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या दरवर्षी बांधाबांधावर जळतात. उकिरड्याच्या आणि नाल्याच्या उताराला, पिण्याच्या विहिरीपासून दूर, मुरमापर्यंत चर घेऊन त्यात पऱ्हाटीचा भुगा किती नायट्रेट अडवतो, किती वर्षं टिकतो, पावसाळ्यात काय होतं, नायट्राइट मागे राहतं का? हा पीएचडीचा तयार विषय आहे. प्रयोगशाळा लागेल ती परभणीत आहे, खडक पायाखाली आहे, पऱ्हाटी फुकट आहे. सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेल्या, सेलू-मानवत-गंगाखेडच्या एखाद्या मुलीनं तो उचलावा आणि पहिला चर आपल्याच गावात खणावा.